खांद्यावरून

हिरो आलाच नाही.
सिन्नरहून निघालो म्हणाला, मग फोन बंद.
ओजस गायधनीने माझ्याकडे पाहिलं,
म्हणजे माझ्या खांद्याकडे.
"पगार, तू बस. फक्त पाठ घेतोय.
पाठ आणि जरासा कान."

मी थर्माकोल धरायला आलो होतो.
दिवसभर सातपूरला मशीनवर, रात्री हे फुकट.
आडनाव पगार, त्यामुळे सगळे
एकदा तरी हसून घेतात.

कॅनडा कॉर्नर, बंद कॅफेसमोर दोन खुर्च्या,
जानेवारीतले पावणेदोन.
निफाडची थंडी इथपर्यंत चालत आलेली.
समोर केतकी, बिनबाह्यांच्या कपड्यात.
कट म्हटलं की शाल, ॲक्शन म्हटलं की नाही.
तोंडातून वाफ दिसते म्हणून
प्रत्येक टेकआधी तिला
बर्फाचा खडा चघळायला देतात.

तिचं वाक्य एकच:
"फोटोत तू वेगळा दिसतोस."

पहिल्यांदा कुत्रं भुंकलं.
दुसऱ्यांदा द्राक्षांचा टेम्पो मागे येत राहिला,
पिपाणी वाजवत.
तिसऱ्यांदा तिलाच हसू आलं.
मग नुसतंच
फोटोत तू वेगळा दिसतोस
फोटोत तू वेगळा
फोटोत तू

आणि मला उत्तर लिहिलेलंच नव्हतं.
"काहीही बोल," ओजस म्हणाला, "आवाज घेत नाहीये.
ओठही दिसत नाहीत.
मान तेवढी हलू दे, जिवंत माणसासारखी."
मी सतराचा पाढा म्हटला.
सतरा दुणे चौतीस.
सतरा पंचे पंच्याऐंशी.
ती माझ्याकडे अशी बघत होती
की मी खरंच काहीतरी लपवतोय.

दहाव्या टेकला पाढा सरला.
मी म्हणालो, हो.
तो फोटो पाच वर्षांपूर्वीचा,
कळवणला, चुलतभावाच्या हळदीतला.
तेव्हा केस होते,
आणि हळदीच्या मांडवात सगळेच उजळ दिसतात.
शेजारी आत्या होती, तिला मी कापली.
पण तिची चार बोटं राहिलीत माझ्या खांद्यावर,
नीट पाहिलं तर.
कुणी नीट पाहत नाही.
एकीनेच विचारलं, हा हात कोणाचा?
तिला मी ब्लॉक केलं.

केतकीच्या गालात बर्फ होता.
तिने तो तसाच गिळला.

"कट! हेच! हेच पाहिजे होतं मला!
पगार, काय बोललास तू?"
सतराचा पाढा, मी म्हणालो.
केतकी शाल शोधत राहिली.

मॉनिटरवर पाहिलं.
तिचा चेहरा, पापणीन् पापणी वेगळी.
कडेला एक धूसर टेकाड,
ते मी.
कानाच्या पाळीतून रस्त्याचा दिवा
लालसर झिरपत होता.
रोज आरशासमोर एवढा वेळ घालवतो,
कान असा पेटतो हे माहीत नव्हतं.
आरशात तो मागून कुठे दिसतो.

त्र्यंबक नाक्यावर चहा.
सगळे हिरोला शिव्या घालण्यात गुंतलेले.
केतकीने तळवा पुढे केला.
"दाखव. आत्याची बोटं."
मी फोन दिला.
दोन बोटांनी तिने तो खांदा मोठा केला,
इतका, की मी त्यातून निघूनच गेलो.
"बांगडी पण आहे की," ती म्हणाली. "हिरवी."
पाच वर्षांत मला बांगडी दिसली नव्हती.
चहावर साय धरली होती. आम्ही दोघांनीही
ती बोटाने बाजूला केली.

साडेतीनला निघालो.
थर्माकोल पाठीला बांधलेला,
वारा त्याला धरून गाडी
सातपूरऐवजी सिडकोकडे ओढत होता.
मागून ट्रक आला.
त्याचा उजेड माझ्या पाठीवरून उलटून
त्याच्याच काचेत गेला असणार,
कारण ड्रायव्हरने लांब हॉर्न दिला
आणि एक कचकचीत शिवी हासडली,
पाठीला, अर्थात.

पाळी सातला आहे.